सदर इसमाबाबत

नियमापुढे सगळी माणसं सारखी असतात, ही मानवजातीने हजारो वर्षं खपून केलेली सर्वांत मोठी कमाई आहे, असं अभय घाडीगावकरचं ठाम मत होतं. हे मत त्याला सकाळी दहा ते संध्याकाळी साडेसहा या वेळेत असे. साडेसहानंतर प्रभादेवीला आपल्या सोसायटीत शिरताना त्याला आपल्या नावाने आखलेल्या जागेत चेअरमनच्या मेव्हण्याची गाडी उभी दिसे, आणि तो आपली स्कूटर कचऱ्याच्या डब्यांपाशी लावून वर जाई.

तर त्या मंगळवारी अकरा वाजून चाळीस मिनिटांनी, म्हणजे मत शाबूत असण्याच्या वेळेत, त्याच्या पडद्यावर एक तक्रार आली. क्रमांक चारशे बारा. तक्रारदाराचं नाव कंपनीच्या पद्धतीप्रमाणे झाकलेलं. विषय, तंबाखू. मजकूर दोन ओळींचा: "खाणावळींवरील माहितीपटात चौदाव्या मिनिटास विडी ओढणारा इसम दाखविण्यात आला आहे. सदर इसमाबाबत नियमानुसार योग्य ती कार्यवाही व्हावी, ही विनंती." अभयने ते वाचलं, चहाचा कप उचलला, ठेवला. चहा प्यायला की नाही हे त्याला नंतर आठवेना. सदर इसम त्याचे वडील होते.

आपल्याला काहीतरी वाटायला हवं, हे त्याच्या लक्षात आलं. त्याने थोडा वेळ वाट पाहिली. डोक्यावरच्या एसीतून नेहमीसारखी मानेवर गार धार पडत होती. ती एका ठरावीक बोटभर जागेवरच पडे आणि ती जागा आता त्याची राहिलीच नव्हती, तिथे चिमटा काढला तरी कळत नसे. बाकीचं अंगही आज त्या जागेसारखंच झालंय असं त्याला वाटलं, एवढंच. काचेतून समोर गिरणीची चिमणी दिसत होती. लोअर परळच्या त्या इमारतीच्या मालकांनी ती मुद्दाम ठेवली होती, तिला रंग दिला होता आणि खालून निळे दिवे सोडले होते. ही बापाच्याच गिरणीची चिमणी असती तर गोष्टीला शोभा आली असती. पण ती शेजारच्या गिरणीची होती. बापाची चिमणी पाडली, तेव्हा अभय कुठल्यातरी कंपनीत फाइलींना नंबर घालत होता आणि त्याला दोन दिवसांनी पेपरात वाचून कळलं होतं.

फाइलींना नंबर घालण्यातच त्याची उरलेली वर्षंही गेली असती आणि त्यात काही गैर झालं असतं असंही नाही. पण दोन हजार एकवीस साली सरकारने इंटरनेटवरच्या टीव्हीसाठी नियम केले. दाखवणाऱ्या प्रत्येक कंपनीने भारतात राहणारा एक तक्रार निवारण अधिकारी नेमावा, त्याचं नाव सगळ्यांना दिसेल असं छापावं, तक्रारीची पोच चोवीस तासांत द्यावी आणि निकाल पंधरा दिवसांत. अभय तेव्हा अशाच एका कंपनीत फाइली सांभाळत होता. तिथे बाकी सगळेच तरुण होते, आणि कोणाचंच आपलं नाव रागावलेल्या लोकांना दिसावं असं मत नव्हतं. अभय भारतात राहत होता. एवढ्या पात्रतेवर त्याला खुर्ची, केबिन आणि मानेवरची ती धार मिळाली. आपलं नाव छापून आलेलं बघून तो पहिल्या दिवशी थोडा हरखलाही. मग तक्रारी येऊ लागल्या. नायक मेला म्हणून तक्रार. नायक मेला नाही म्हणून तक्रार. मालिकेतल्या वकिलाने घातलेल्या बुटांमुळे वकिली पेशाची बदनामी झाल्याची तक्रार, सोबत बुटांचा फोटो. अभय प्रत्येकाला पोच देई, प्रत्येकाची बाजू समजून घेई आणि पंधराच्या आत, बहुधा बाराव्या दिवशी, निकाल लिही. त्याच्या निकालात कधी कोणी चूक काढली नाही. कारण ते कोणी वाचत नसे, असं मृणालिनी मॅडम एकदा हसत म्हणाल्या होत्या. मॅडम कायदेशीर विभागाच्या प्रमुख. त्यांचं हसणं कानाला फार शुद्ध लागे.

नंतर तेवीस साली तंबाखूचा नियम आला. पडद्यावर कोणी विडी-सिगारेट ओढत असेल तर तेवढा वेळ खाली पांढऱ्या पट्टीवर काळ्या अक्षरांत इशारा. शिवाय सुरुवातीला आणि मध्ये तीस-तीस सेकंदांच्या आरोग्याच्या फिती, आणि वीस-वीस सेकंदांचं निवेदन. नियमाने विडी बंद केली नाही. फक्त फार कटकटीची करून ठेवली. तेव्हापासून कंपनीच्या नव्या मालिकांतले गुन्हेगार खुनाच्या आधी चहा पिऊ लागले. एका मालिकेतला दारूचा अड्डेवाला चिक्की खाई, आणि तो फार लोकप्रिय झाला. त्याच्या नावाने चिक्की निघाली. जुन्या चित्रपटांपैकी जे चालणारे होते त्यांना पट्ट्या लागल्या. जे चालत नव्हते त्यांच्याकडे कोणी बघितलंच नाही. मराठीतला साठा फुगवायचा म्हणून कंपनीने तीनशे जुन्या फिल्मांचा गठ्ठा घेतला होता, त्यातच तो खाणावळींवरचा सव्वीस मिनिटांचा माहितीपट होता. सत्याहत्तर-अठ्ठ्याहत्तरच्या सुमाराला कोणा परदेशी बाईने गिरणगावात येऊन काढलेला.

गठ्ठ्याची यादी तपासताना अभयला तो सापडला, त्याला आता दोन वर्षं झाली. चौदाव्या मिनिटाला डिलाईल रोडच्या एका खाणावळीच्या दारातून एक माणूस बाहेर येतो. ओला हात पँटच्या मागे पुसतो. विडी काढतो, ती दोन्ही तळव्यांच्या आत धरून पेटवतो, वारा नसताना. मग कॅमेऱ्याकडे बघतो आणि डावीकडच्या कोणालातरी काहीतरी सांगतो. काय सांगतो ते ऐकू येत नाही, कारण वरून ती परदेशी बाई माशांच्या आमटीबद्दल बोलत असते. अकरा सेकंद. मग भांडी घासणाऱ्या बायका. अभयने ते लागोपाठ नऊदा पाहिलं होतं. दौलत घाडीगावकर, साचेखात्यातले, म्हणजे गिरणीत मागांवरचे कामगार, त्याच्या आठवणीत चालत-बोलत नव्हते. ते खोकत होते. त्याच्या आठवणीतला बाप कॉटवर गुडघे पोटाशी घेऊन बसलेला, समोर डबा, आणि खोकल्याची उबळ थांबली की भिंतीकडे बघून जरासा ओशाळून हसणारा. सरळ उभा असलेला, हात पुसणारा, तीस-बत्तीस वर्षांचा हा माणूस त्याच्यापेक्षा वीस वर्षांनी लहान होता. त्याला हाक मारायची तर काय म्हणून मारायची, असा प्रश्न पडला होता. विडीचा वास मात्र आला. म्हणजे आला असं वाटलं. कापसाचा, तेलाचा आणि विडीचा एकत्र वास, जो पांघरुणाला असे. लहानपणी तोच झोपेचा वास आहे असं तो समजत होता. पुढे चौऱ्याण्णव साली ते गेले तेव्हा डॉक्टरने कागदावर "विडी ओढत असत" असं लिहिलं आणि त्या तीन शब्दांवर कापूस निर्दोष सुटला. चाळीतल्या छातीत कापूस भरलेल्या सगळ्याच माणसांच्या कागदांवर हे तीन शब्द होते. जे ओढत नव्हते त्यांच्याही.

आईला त्याने तो माहितीपट गेल्या दिवाळीत लावून दिला. सुंदराबाई अजून डिलाईल रोडच्या चाळीत, त्याच खोलीत राहत. प्रभादेवीला यायला तयार नव्हत्या. तिथे दार लावून घ्यावं लागतं, हे त्यांचं कारण. अभयने खोलीत मोठा टीव्ही बसवला, फायबरवाल्याला बोलावून इंटरनेट घेतलं, कंपनीचं फुकटचं खातं जोडून दिलं आणि रिमोटवरच्या एका बटणाला नेलपॉलिशचा ठिपका लावला. ते बटण दाबलं की जिथे थांबलं होतं तिथून पुढे सुरू. सुंदराबाई दुपारी जेवण झालं की ठिपका दाबत. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्यांनी पदर नीट केला होता, बाहेरचं माणूस दारात आल्यासारखा. रडल्या वगैरे नाहीत. "केस बरे दिसतत," एवढंच म्हणाल्या.

हे सगळं त्या मंगळवारी अभयच्या डोक्यात फिरलं असेल असं म्हणायला हरकत नाही. पण त्याने केलं ते एवढंच की पोच पाठवली. "आपली तक्रार प्राप्त झाली आहे." आपला या प्रकरणाशी नातेसंबंध आहे हे वरिष्ठांना कळवून बाजूला व्हायची सोय होती. तो फॉर्म त्यानेच तयार केला होता. तो त्याने उघडलाही. नात्याच्या रकान्यात "वडील" लिहिलं, आणि मग आख्ख्या मजल्यावरची पोरं ते अकरा सेकंद लावून बघतायत, सो स्वीट म्हणतायत, मॅडम शुद्ध हसतायत, असं त्याला दिसलं. त्याने "वडील" खोडलं. मग आपणच निकाल द्यायचा तर तो असा द्यायला हवा की उद्या कोणी बोट दाखवू नये, आपल्या माणसाला सांभाळून घेतलं म्हणू नये. बोट दाखवायला कोणाला काही ठाऊकच नव्हतं. पण हे त्याला त्या वेळी सुचलं नाही. चाळीतून वर आलेल्या माणसाला अशा वेळी आख्खी चाळ मागे उभी असल्यासारखी वाटते.

मृणालिनी मॅडमना त्याने सहज विचारल्यासारखं विचारलं की एका जुन्या माहितीपटाचं असं असं आहे, पट्टी लावावी का. मॅडम लॅपटॉपमधून वर न बघता म्हणाल्या की पट्टी लावली की फिती लावा, निवेदन लावा, सव्वीस मिनिटांच्या फिल्मला पावणेदोन मिनिटांचा तंबाखू, आणि बघतं कोण ते? त्यांनी आकडा काढून पाहिला. गेल्या तीन महिन्यांत हा माहितीपट एकाच घरात लागत होता. "एकच घर, पण रोज," मॅडम म्हणाल्या. "कोणीतरी वेडं असणार." अभयने मान डोलावली. कोण, ते त्याने सांगितलं नाही. बाराव्या दिवसाची वाटही पाहिली नाही, चौथ्याच दिवशी निकाल लिहिला: तक्रार मान्य, दृश्य वगळण्यात येत आहे. तक्रारदाराला पद्धतीप्रमाणे त्यातले पहिले दोनच शब्द गेले. एडिटिंगच्या सौमित्रला त्याने चौदाव्या मिनिटाची वेळ कळवली. सौमित्रने दुपारच्या जेवणाआधी काम करून टाकलं आणि विचारलं, "अकराच सेकंद ना सर? मला वाटलं काही मोठं असेल." अभय म्हणाला, अकराच. त्या दिवशी कॅन्टीनमध्ये भरली वांगी होती. ती त्याने दोनदा घेतली, हे त्याला पुढे बरेच दिवस आठवत राहिलं.

आईला काय सांगायचं याची त्याने तयारी केली होती. सरकारचा नियम आहे, सगळ्याच फिल्मांतून काढलं, आपल्या एकट्याचं नाही. रविवारी तो चाळीत गेला, तेव्हा सुंदराबाई टीव्हीसमोर बसल्या होत्या आणि चौदावं मिनिट नुकतंच जाऊन भांडी घासणाऱ्या बायका आल्या होत्या. त्यांनी मागे घेतलं. पुन्हा दार, पुन्हा भांडी. पुन्हा मागे. खाणावळीचं ते दार रिकामं दिसायचं, कोणीतरी येणार असल्यासारखं, आणि लगेच राख आणि काथ्या घेतलेले हात.

"खंय गेले हे?" त्या रिमोटकडे बघत म्हणाल्या. "माझ्याकडना काय दाबला गेला काय रे झिला?"

अभय चपला काढत होता, तो काढतच राहिला. तयारी केलेलं वाक्य जिभेवर आलंही होतं. तेवढ्यात शेजारच्या खोलीतली प्राची मोबाईल घेऊन आत आली. प्राची चाळिशीची, महापालिकेच्या वॉर्ड ऑफिसात क्लार्क, लग्न होऊन चाळीत आली तीच दौलत घाडीगावकरांच्या मरणानंतर दहा वर्षांनी. ती आनंदात होती. काकी, निकाल लागला, तक्रार मान्य, चार दिवसांत, आमच्या ऑफिसात चार महिने लागले असते, असं ती एका दमात बोलली आणि मग अभयला बघून म्हणाली की दादा, तुमच्या कंपनीचं काम मात्र एकदम चोख हां.

अभयला ते कळायला थोडा वेळ लागला. त्याने विचारलं, कसली तक्रार. प्राचीने सगळं सांगितलं, आणि ते सांगताना तिला आपण काही चुकीचं केलंय असं वाटायचं कारणही नव्हतं. माहितीपटात खाणावळवाली गंगुबाई दिसते तेव्हा खाली तिच्या नावाची पट्टी येते. तशी पट्टी आपल्या नवऱ्याच्या खाली यावी, असं काकींचं म्हणणं. त्यासाठी प्राचीने फॉर्म भरला.

"मी विचारलं, नाव काय टाकू," प्राची म्हणाली. "तर काकी म्हणे, ह्यांचं. म्हटलं, अहो ह्यांचं म्हणजे काय? तर काही बोलेनात. लाजल्या. म्हणाल्या, तो विडी ओढता तो, असा लिव. म्हणून मी सदर इसम टाकलं."

आईने नवऱ्याचं नाव कधी घेतलं नव्हतं. रेशनच्या दुकानात ती कार्ड पुढे करी. शाळेत अभयच्या प्रवेशाच्या वेळी तिने शेजारच्या रघुमामाला सोबत नेलं होतं, बाईंनी वडिलांचं नाव विचारलं की सांगायला. हे अभयला ठाऊक होतं, जसं घराला किती पायऱ्या आहेत ते ठाऊक असतं. त्याने विचारलं, पण मग नाव घालायचंय असं सरळ का नाही लिहिलं. प्राची हसली. सरळ मागणी लिहिली की सरळ नामंजूर होते, हा तिचा अठरा वर्षांचा अनुभव. 'योग्य ती कार्यवाही' लिहायचं, मग समोरचा माणूस फोन करून विचारतो, बाबा, तुला नक्की काय हवंय. आणि विषयात 'इतर' होतं, पण 'इतर'चे अर्ज कोणी उघडत नाही, तिच्याच टेबलाखाली त्यांचा ढीग होता. तंबाखू म्हटलं की लोक घाबरतात, लवकर उघडतात.

"फोन आला नाही का मग?" ती म्हणाली. "परस्पर मान्य केलं? भला माणूस दिसतोय."

सुंदराबाई अजून टीव्हीकडे बघत होत्या. अभयने आईला विचारलं, मला का नाही सांगितलंस. खरं तर तो विचारतानाच त्याला आठवलं. तिने सांगितलं होतं. दोनेक महिन्यांपूर्वी, तो निघायच्या घाईत असताना, दारात. आणि तो म्हणाला होता की आई, आपलं माणूस आहे म्हणून असं तोंडी काही होत नसतं, रीतसर अर्ज यावा लागतो. हे वाक्य बोलताना त्याला आपण बरे आहोत असं वाटलं होतं.

"तूच म्हटलंस ना, अर्ज लागता म्हणान," सुंदराबाई म्हणाल्या. "गंगुबायच्या खाली नाव येता. ह्यांच्या खाली नाय. येतला तर बरा, म्हटला. माका तोंडान घेवचा नाय. वाचूक काय, वाचूक चलता."

मग त्यांनी ठिपका दाबला. दार. भांडी. प्राचीने एकदा पडद्याकडे, एकदा अभयकडे पाहिलं आणि गॅसवर दूध आहे म्हणून गेली. अभय आईशेजारी बसला. नियमाचं वाक्य त्याने सांगितलं नाही, आपणच निकाल दिला हेही सांगितलं नाही, किंवा सांगितलं असेल, कारण सुंदराबाई एकदा "तुया?" असं म्हणाल्या, आणि तो हो म्हणाला. थोड्या वेळाने त्यांनी त्याला सोलकढी हवी का विचारलं. त्याने घेतली. ती गार होती, एवढंच कळलं. मानेवरची बोटभर जागा तर गेलीच होती, आता बाकीचं अंगही गेलं आहे, हे त्याला पेला ठेवताना नीट कळलं, आणि ते कळूनही दुखलं नाही.

सोमवारी तो मृणालिनी मॅडमच्या टेबलाशी उभा राहिला. ते अकरा सेकंद परत घालता येतील का, पट्टीसकट, फितींसकट, खाली एक नाव घालून. मॅडमनी या वेळी वर बघितलं. नाव कोणाचं, असं त्यांनी विचारलं नाही. आपल्याच अधिकाऱ्याने तक्रार मान्य करून काढलेलं दृश्य कंपनीने परत घातलं, तर तो जाणूनबुजून केलेला भंग ठरतो, असं त्यांनी सांगितलं, आणि ते बरोबर होतं. अभयने विचारलं की मग तक्रारदाराने अपील केलं तर.

"अपील नाराज माणसासाठी असतं, अभय," मॅडम म्हणाल्या. "तुमचा तक्रारदार जिंकलाय."

मग त्यांनी तो ठीक आहे ना, असं विचारलं. तो म्हणाला की हो, फक्त प्रोसिजर विचारत होतो. जागेवर येऊन त्याने नवीन तक्रार उघडली. एका बाईंचं म्हणणं होतं की चिक्की खाणाऱ्या अड्डेवाल्यामुळे त्यांच्या नातवाचे दात किडले. त्याने पोच पाठवली.

पुढच्या आठवड्यात वर्गीकरणाची यादी नव्याने निघाली. खाणावळींवरचा माहितीपट आधी तेरा वर्षांवरील प्रेक्षकांसाठी होता. आता तो सर्व वयोगटांसाठी योग्य आहे.